शेवटच्या अक्षरापासून

डावखुऱ्या पेंटरने लिहिलेली पाटी ओळखायची कशी, असं मला अजूनही कोणी कोणी विचारतं. ओळखता येत नाही. रंग एकदा वाळला की तो कोणत्या हाताचा, हे सांगणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. पाटी ओली असताना मात्र शेंबडं पोरही ओळखेल, कारण आम्ही नाव शेवटापासून लिहितो. 'पटेल' लिहायचं तर आधी 'ल', मग 'टे' आणि सगळ्यात शेवटी 'प'.

यात चमत्कार काही नाही. पाटीवर आधी खडूने अक्षरं आखून घेतलेली असतात, ब्रशने ती फक्त भरायची. उजव्या हाताचा माणूस डावीकडून लिहीत पुढे जातो, त्याचा हात कोऱ्या जागेवर सरकत राहतो. माझा हात त्याच वाटेने गेला तर नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरावरून जातो आणि ऑइल पेंट मनगटापासून कोपरापर्यंत माखतो. शर्टांच्या बाह्या पुरेशा वाया गेल्यावर मी उजव्या टोकाकडून लिहायला लागलो. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही. शिकवणार कोण? सुरतच्या सगळ्या कतारगामात डाव्या हाताचा पेंटर मी एकटाच होतो. गुजरातीत डावखुऱ्याला 'डाबोडी' म्हणतात. सुदाम हे माझं नाव बाजारात फारसं कोणाला माहीतच नव्हतं.

सुरतेत मी नव्वदच्या आसपास ब्रश हातात धरला आणि फ्लेक्स येईपर्यंत धरून होतो. फ्लेक्सने आमचा धंदा कसा बसवला, ते रडगाणं मी गाणार नाही, इतर पेंटरांनी ते पुरेसं गाऊन झालंय. संपादकांनी 'सुलेखनाचा आनंद' असं काहीतरी लिहून मागितलं होतं. आनंद थोडाफार होता, पण लिहायला बसलो की तो आधी आठवत नाही.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. वडील आणि मोठा भाऊ लूमवर. त्या खडखडाटात आयुष्य काढायचं माझ्या जिवावर आलं होतं. भिंत दिसली की खडूने अक्षरं काढायची मला खोड होती, म्हणून भावाने मला नटुकाकांच्या दुकानात नेऊन उभं केलं. नटुकाका म्हणजे कतारगामातले नामी पेंटर. हिऱ्याच्या कारखान्यांच्या पाट्या, साडीच्या दुकानांचे बोर्ड आणि कंकोत्री, म्हणजे लग्नपत्रिका, ही त्यांची कामं. कंकोत्रीचा मजकूर ते बोरूने लिहीत, मग त्यावरून छपाईचा ब्लॉक बनायचा. त्यांचा 'श्री' बघायला लोक दुकानात थांबायचे. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. रेघेचा आधार नसताना अक्षरं एका ओळीत उभी करणं किती अवघड, ते मराठी शाळेत शिकलेल्या माणसालाच कळतं. काकांची अक्षरं मात्र रेघ असल्यासारखी उभी राहत.

मी ब्रश डाव्या हातात घेतला तसे काका दचकले.

"अल्या, आ शुं करे छे? डाबे हाथे श्री न लखाय!"

डाव्या हाताने श्री लिहीत नाहीत, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. दुकानाची पाटी मुहूर्तावर लिहायची, मालक सहकुटुंब उभा, पेंटरला कुंकू लावलेलं. तिथे डावा हात पुढे आला की संपलं. काकांनी साडीच्या किनारीची एक पट्टी घेतली आणि माझा डावा हात माझ्याच कमरेला बांधून टाकला. वर म्हणाले, "टेव पडी जशे." सवय होऊन जाईल.

सवय झाली नाही. उजव्या हाताने माझी अक्षरं अशी यायची की जणू ताप भरलेल्या माणसाने लिहिलीत. त्यात बोरूचं वेगळंच दुखणं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं आणि त्या तिरकेपणातून अक्षराला जाड-बारीक वळण येतं. उजव्या हातासाठी कापलेला बोरू चोरून डाव्या हातात धरला, तर जिथे रेघ जाड हवी तिथे ती बारीक यायची आणि बारीक हवी तिथे जाड. म्हणजे उजव्या हाताला अक्षर येईना आणि डाव्या हाताला हत्यार मिळेना. आपल्यातच काही खोट आहे, असं मी तेव्हा खरंच मानायला लागलो होतो.

ते कोडं सुटलं काकांच्या मुलीमुळे. हंसा तिचं नाव. दुकानाच्या मागेच घर होतं, आणि काकांचे बोरू कापून द्यायचं काम तिच्याकडे असायचं. एकदा तिने अख्खी जुडी उलट्या तिरकसपणाने कापली. काका भडकले, जुडी माझ्या अंगावर फेकली आणि म्हणाले, चुलीत घाल. ते बाहेर गेल्यावर मी पट्टीतून हात सोडवला, त्यातला एक बोरू उचलला, शाईत बुडवला आणि डाव्या हाताने 'क' काढला. जाड जिथे हवं तिथे जाड आलं. मी पुन्हा काढला, पुन्हा आलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू?

हंसा चहा घेऊन आली होती. ती बघत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "हुं पण डाबोडी छुं, भाई. कोईने कहेता नहीं."

तीही डावखुरी होती, आणि हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं! आईने लहानपणी चुलीजवळच्या चिमट्याने हातावर मारून मारून तिचा डावा हात सोडवला होता. चारचौघांत ती सगळं उजव्याने करायची. जवळपास कोणी नसलं की डाव्याने. त्या दिवशी सुरी तिने डाव्या हातात धरली होती, म्हणून काप उलटा पडला. त्यानंतर दर महिन्याला काकांच्या जुडीबरोबर एक उलटी जुडी माझ्यासाठी यायची. काका बघून न बघितल्यासारखं करायचे.

काकांनी मग माझ्या हाताची पट्टी सोडली, पण कामं वाटून दिली. पाटीचा मजकूर मी डाव्याने भरायचा, वरचा श्री ते लिहिणार. एकदा ते आजारी असताना मी कडोदऱ्याला एका लूम कारखान्याची पाटी लिहायला एकटा गेलो. श्री मी कसाबसा उजव्याने उरकला आणि नाव भरायला शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली. मालक मागे येऊन उभा राहिला. डावा हात, आणि त्यातून नाव उलटं! त्याचा चेहराच उतरला. घासलेट आणि चिंधी मागवून त्याने ओली पाटी माझ्या देखत पुसायला लावली, आणि ती मलाच पुसावी लागली. येताना बसमध्ये हाताला घासलेटचा वास येत होता, शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

ही बातमी बाजारात पसरली आणि तिचा एक परिणाम झाला, जो मला अपेक्षित नव्हता. मला काम मिळायला लागलं. कोणाच्या घरी माणूस गेला की बेसणं ठेवतात. लोक येऊन हात जोडतात, गेलेल्याचा फोटो हार घालून मांडलेला असतो. त्या फोटोखाली एक काळी पट्टी असते, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव, आणि नावाच्या आधी 'स्व.', म्हणजे स्वर्गस्थ. या पट्ट्या लिहायला पेंटर नाखूश असत. त्याच ब्रशने उद्या मुहूर्ताची पाटी लिहायची म्हणजे मनात पाल चुकचुकायची. मग सगळ्यांना मी आठवलो. मेलेल्याचं कार्य आपल्यात उलट्या बाजूनेच करतात, जानवंसुद्धा उलट्या खांद्यावर घेतात. डावा हात, उलटं नाव, सगळं बरोबर जुळलं. वराछा काय, कतारगाम काय, ज्याच्या त्याच्याकडून माणूस यायचा: "पट्टी छे? डाबोडीने आपो." पट्टी आहे ना, मग डावखुऱ्याला द्या.

अशा रीतीने मी मेलेल्यांचा पेंटर झालो. अभिमानाची गोष्ट नाही, पण पट्टीवरचं माझं अक्षर इतकं नीट असायचं की लोक डोळे पुसता पुसता वाकून वाचायचे.

या कामात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती मी कधी कोणाला बोललो नव्हतो. उजव्या हाताचा पेंटर पट्टी लिहायला घेतो तेव्हा सगळ्यात आधी 'स्व.' लिहितो. म्हणजे नाव सुरू होण्याआधीच माणूस मेलेला असतो. माझ्याकडे तसं नव्हतं. मी शेवटाकडून यायचो, त्यामुळे आडनाव व्हायचं, नाव व्हायचं, आणि 'स्व.' सगळ्यात शेवटी. तोवर ती पट्टी घराच्या दारावर लावायच्या पाटीसारखीच दिसायची. ते शेवटचं जोडाक्षर आणि टिंब काढताना दर वेळी हात जड व्हायचा.

एकदा एक म्हातारे गृहस्थ स्वतःच्या पायाने आले आणि स्वतःचीच पट्टी लिहून मागायला लागले. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मुलं आपलं नाव चुकीचं लिहितील, याची त्यांना खात्री होती. त्यांनी समोर स्टूल घेऊन, चष्मा पुसून, एकेक अक्षर तपासलं. नाव पूर्ण झाल्यावर नावाआधीच्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "एटली जग्या खाली राख." एवढी जागा रिकामी ठेव. "ए पछी भरजे." मी नंतर भरायचं कबूल केलं. पट्टी बगलेत मारून ते खुशीत गेले. वर्षभराने त्यांचा मुलगा ती पट्टी घेऊन आला. रिकाम्या जागेवर धूळ बसली होती, ती पुसून मी 'स्व.' लिहिलं. सगळ्या धंद्यात ज्याच्या मनासारखं झालं असं गिऱ्हाईक म्हणून मला आधी तेच आठवतात.

ज्या वर्षी प्लेगच्या भीतीने अर्धी सुरत मिळेल त्या गाडीने पळाली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हंसाचं लग्न ठरलं. कामरेजकडचं घर, शेती, वर खताचं दुकान. काकांचा हात तोवर थरथरायला लागला होता. मुलीची कंकोत्री ते स्वतः लिहायला बसले, कागदामागून कागद फाडत गेले. दुसऱ्या दुकानाचा हात आपल्या मुलीच्या पत्रिकेला लागू द्यायची त्यांची तयारी नव्हती. मग त्यांनी मला बोलावलं आणि उजव्या हाताने श्री काढायला सांगितलं. मी काढला. त्यांनी तोही कागद फाडला. शेवटी मान खाली घालूनच म्हणाले, "डाबे हाथे लख."

सविताकाकी, हंसाची आई, आतल्या दारात उभ्या होत्या. "शुभ कामात डावा हात?" असं काहीतरी त्या ओरडल्या. काकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मी हंसानेच कापलेला बोरू घेतला आणि पत्रिका लिहिली, माझ्या पद्धतीने, खालून वर आणि शेवटाकडून सुरुवातीकडे. श्री सगळ्यात शेवटी आला. तो इतका देखणा आला की काकांनी तो हातात धरून उजेडाकडे नेला. इतक्या वर्षांत माझ्या डाव्या हाताने लिहिलेलं ते पहिलं शुभ अक्षर. त्या रात्री मी घरी गेलो तो हवेतच. आईला सांगितलं तर तिने माझ्या डाव्या हातावरून हात ओवाळून आपली बोटं कानशिलावर मोडली. त्या काळातला आनंद विचाराल तर हा एवढा.

लग्नानंतर हंसा माहेरी आली ती पहिल्या दिवाळीला. वाळली होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा सण नव्हता. मी दुकानात एक बोर्ड भरत होतो, मधला दरवाजा उघडाच होता. आत तिने काका-काकींपुढे डावा हात धरला, त्यावर भाजल्याचे डाग होते. घाई झाली की तिचा डावा हात आधी पुढे यायचा, वाढतानाही. सासू सांडशी तापवून ठेवायची. नवऱ्याचं दुकान चालेना, तेही तिच्या डाव्या हातामुळेच. काकी रडल्या, पण म्हणाल्या, मीही मारायचेच ना तुला, तुझ्या भल्यासाठी. मी ब्रश खाली ठेवून दारात गेलो आणि म्हणालो, "काका, तिला परत पाठवू नका. ठेवून घ्या."

काका माझ्याकडे वळले. "तुं तारुं काम कर." मग हंसाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पाछी जा, बेटा. टेव पडी जशे."

दुसऱ्या दिवशी तेच तिला बसमध्ये बसवून आले.

पुढचं सांगायला फार शब्द लागत नाहीत. त्या काळात स्टोव्ह फार भडकायचे, आणि ते नेमके सुनांच्याच अंगाशी भडकायचे. अपघात म्हणून नोंद झाली. हंसा परत आली नाही. तिला आणायला गेलेल्यांना तिचा चेहरा दाखवला नाही.

माहेरी बायका जमल्या होत्या. मी ओट्यावर उभा होतो. सविताकाकींनी मला पाहिलं आणि हंबरडा फोडून माझ्याकडे बोट केलं. "आणे लखी'ती कंकोत्री! डाबे हाथे! श्रीथी शरू थवानुं होय, आणे श्री छेल्ले लख्यो!" श्रीने सुरुवात व्हायची, याने तो शेवटी लिहिला. सगळ्या बायका माझ्या हाताकडे बघायला लागल्या. कोणीतरी मान हलवली, मग सगळ्यांनीच हलवली. पुढे ऐकलं, कामरेजच्या लोकांनीही तेच सांगायला सुरुवात केली की पत्रिकाच अशुभ हाताची होती. माझा हात सगळ्यांच्याच सोयीचा निघाला.

काका तिथेच भिंतीला टेकून बसले होते. तिला बसमध्ये कोणी बसवलं, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. त्यांनी वर बघितलं नाही. तोंडातून एक शब्द काढला नाही. मला राग आला तो काकींचा नाही, त्यांचा. तो अजून आहे.

घरी येऊन मी जेवायला बसलो, पण डावा हात मांडीखालून काढवेना. आईने बघितलं. म्हणाली, "हात कसाले दपाडस रे? तू मारं का तिले?"

मी नाही म्हणालो.

"मंग काढ भाईर आनि जेव."

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. काका आले. हातात काळी पट्टी होती, स्वतः घासून रंगवलेली, अजून जरा चिकट. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हंसानी पट्टी." मग थोड्या वेळाने म्हणाले, "सासरियानी अटक न लखतो." सासरचं आडनाव नको. नुसतं हंसाबेन. त्यांनी मला उजव्या हाताने लिही म्हटलं नाही. पट्टी डाव्या हातानेच लिहायची असते, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

मी सुताने रेघ मारली, खडूने अक्षरं आखली, 'स्व.'सुद्धा आखलं. पांढरा रंग ढवळला. आधी 'न' लिहिला. मग 'बे'. मग 'सा'. 'हं' लिहिताना त्यावरचं टिंब मी अगदी गोल दिलं, तिला तशी अक्षरं आवडायची. नाव पूर्ण झालं. काळ्यावर पांढरं, स्वच्छ, 'हंसाबेन'. शाळेच्या दप्तरावर असावं तसं. आणि नावाच्या आधी फक्त खडूची फिकट रेघ.

मी ब्रश डबीच्या काठावर ठेवला.

"लख," काका म्हणाले.

"तेवढं तुम्ही लिहा, काका."

"मारो हाथ ध्रूजे छे. तुं लखी नाख."

"हात थरथरला तरी लिहा," मी म्हणालो. "तिला बसमध्ये मी बसवलं नव्हतं."

इतकं उघड मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. वाटलं, आता उठून कानशिलात मारतील किंवा दुकानाबाहेर काढतील. त्यांनी तसं काही केलं नाही. माझ्याकडे बघितलं, मग पट्टीवरच्या त्या जिवंत नावाकडे. मग त्यांनी ब्रश उचलला, उजव्या हातात. ज्या हाताचा श्री बघायला लोक दुकानात थांबायचे, तोच हात. तो इतका कापत होता की रंग पट्टीवर पडण्याआधी धोतरावर पडला. मी मनगटाखाली टेकायची काठी धरून ठेवली, त्यापलीकडे मदत केली नाही. त्यांनी 'स्व' काढला. टिंब देताना ब्रश घसरला आणि टिंबाची लांब रेघ झाली. ती त्यांनी पुसली नाही, मीही पुसली नाही.

हार घालायच्या वेळी लोक वाकून पट्टी वाचत होते. वाचून एकदा माझ्याकडे आणि एकदा काकांकडे बघत होते. रंग तोवर कडकडीत वाळला होता, आणि कोणतं अक्षर कोणत्या हाताचं, ते दारात उभं राहूनसुद्धा दिसत होतं.